वाचकांचे प्रश्न : कुत्र्याचा कर्करोग आणि घरचा हिशेब

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या लॅब्राडॉरच्या, ब्रुनोच्या, जबड्याखाली आणि मागच्या गुडघ्यांमागे गाठी आल्या आहेत. येथील डॉक्टरांना लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची) शंका असून केमोसाठी पुण्याला न्यावे लागेल, असे ते म्हणतात. घरात एकच पगार आहे. नातेवाईक म्हणतात, कुत्र्यावर एवढा खर्च कशाला. मुलगी म्हणते, काहीही करून त्याला वाचवा. एका परिचितांनी तोवर स्टेरॉईडच्या गोळ्या द्यायला सांगितले आहे. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : त्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉईडने गाठी काही दिवसांत बसतात, कुत्रा खाऊ लागतो आणि घरच्यांना हायसे वाटते; परंतु त्यामुळे निदान अवघड होते आणि कर्कपेशी पुढे केमोच्या औषधांनाही दाद देईनाशा होऊ शकतात. केमो करायची नाही असे ठरले, तर मात्र हीच गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देणे योग्य ठरते. म्हणून आधी निर्णय, मग गोळी.

निर्णयासाठी पहिली पायरी स्वस्त आहे. गाठीतून बारीक सुईने नमुना घ्यायला बहुधा भूल लागत नाही, आणि लिम्फोमाचे निदान पुष्कळदा त्यावरच होते. रोग बी-पेशींचा की टी-पेशींचा (या पांढऱ्या रक्तपेशींच्या दोन जाती), हे पाहणारी पुढची तपासणी केमोचा विचार असेल तरच करावी. जिच्या निकालाने आपला निर्णय बदलणार नाही, अशी तपासणी टाळता येईल का, हे विचारण्यात संकोच नसावा. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

मुलीला मात्र खरे सांगावे लागेल. हा रोग सहसा समूळ बरा होत नाही. उपचाराविना बहुतेक कुत्री चार ते सहा आठवडे, तर केवळ प्रेडनिसोलोनवर साधारण एक ते तीन महिने जगतात. अनेक औषधांची केमो १९ ते २५ आठवडे चालते; तिने बहुसंख्य कुत्र्यांच्या गाठी ओसरतात आणि बी-पेशींच्या प्रकारात सरासरी वर्षभराच्या आसपास बरे आयुष्य मिळते. टी-पेशींचा प्रकार अधिक वाईट. माणसांच्या केमोचे चित्र डोळ्यांसमोर आणू नका, कारण कुत्र्यांना त्या मानाने सौम्य मात्रा देतात आणि लॅब्राडॉरचे केस सहसा गळत नाहीत. मात्र पांढऱ्या पेशी घटून ताप येऊ शकतो; अंगाचा ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर सकाळची वाट पाहू नये.

आता पैशांविषयी. केवळ इंजेक्शनची किंमत न विचारता संपूर्ण उपचारांचा लेखी अंदाज मागा आणि त्यात प्रत्येक मात्रेपूर्वीची रक्ततपासणी, प्रवास आणि एखाद्या वेळी दाखल करावे लागल्यास येणारा खर्चही धरा. औषधे माणसांचीच असतात, त्यामुळे जेनेरिक मिळतील का, हे विचारा. मात्रा शरीराच्या आकारमानावर ठरते. तीस किलोच्या लॅब्राडॉरला पॉमेरेनियनपेक्षा कितीतरी अधिक औषध लागते. तुमच्या जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारी महाविद्यालयांतील शुल्क खासगी दवाखान्यांपेक्षा सहसा कमी असते, म्हणून तेथे कोणते उपचार होतात याची पुण्याआधी चौकशी करा. पुण्यालाच जावे लागले, तरी रक्त साताऱ्यातच तपासून अहवाल पाठवता येतो. विम्याचा विचार आता निरुपयोगी आहे, कारण आधीपासून असलेला आजार त्यात बसत नाही. लोकांकडून मदत मागायची असेल, तर लेखी अंदाज जोडून मागा आणि रक्कम थेट रुग्णालयात भरायला सांगा.

माझ्या मते सर्वांत वाया जाणारा खर्च म्हणजे कर्ज काढून उपचार सुरू करणे आणि तीन-चार मात्रांनंतर पैसे संपले म्हणून सोडणे. हाताशी मर्यादित रक्कम असेल, तर दर तीन आठवड्यांनी डॉक्सोरुबिसिन या केमोच्या एकाच औषधाची मात्रा देण्याचा पर्याय विचारा. त्यात फेऱ्या आणि खर्च कमी होतात, आयुष्यही थोडे कमी मिळते. मात्र हे औषध हृदयावर परिणाम करते, त्यामुळे आधी हृदय तपासून घ्यावे. तेही शक्य नसेल, तर प्रेडनिसोलोन, मऊ अंथरूण आणि आवडीचे खाणे यांवर ब्रुनोचे उरलेले दिवस सुखाचे करणे हा पळपुटेपणा नव्हे, आणि हे नातेवाइकांपेक्षा मुलीला सांगणे अधिक गरजेचे आहे.

केमो चालू असताना मलमूत्र हातमोजे घालूनच साफ करावे आणि गरोदर स्त्रीने ते काम करू नये.

प्रश्न : सोसायटीतील एका भटक्या कुत्रीच्या योनिमार्गातून रक्त येते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ दिसते. कर्करोग असेल, तर वर्गणी काढण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नक्कीच आहे. वर्णनावरून ही समागमातून पसरणारी टीव्हीटी नावाची गाठ वाटते. सुईच्या नमुन्यातून खात्री होते. आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिन हे केमोचे इंजेक्शन, अशा चार ते सहा मात्रांत बहुतेक कुत्री पूर्ण बऱ्या होतात आणि औषध फारसे महागही नाही. कठीण असते ते तिला दर आठवड्याला पकडणे, म्हणून वर्गणीतला काही भाग महिनाभराच्या निवाऱ्यासाठी ठेवा. हे औषध शिरेबाहेर सांडल्यास कातडी सडते, त्यामुळे इंजेक्शन दवाखान्यातच द्यावे, आणि बरी झाल्यावर तिची नसबंदी करून घ्यावी.