कांडीतून आधी कोण आलं?

प्रिय पोरी,

तुझी वही वाचून काढली. हॅरी पॉटरच्या सातही भागांतल्या चुका तू पान नंबरासकट टिपल्यास, त्यात कष्ट दिसतात. पण शेवटच्या पानावर ‘आता ही पुस्तकं वाचवत नाहीत, फसवल्यासारखं वाटतं’ असं लिहिलंयस, ते मनाला लागलं. म्हणून फोनवर न बोलता नीट बसून लिहितेय.

तू काढलेल्या बऱ्याच चुका खऱ्याच आहेत. भूत झालेला निक दुसऱ्या भागात आपली ५००वी पुण्यतिथी करतो, आणि पहिल्या भागाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मात्र आपण जवळजवळ ४०० वर्षं जेवलो नाही म्हणतो. त्याच्या केकवर १४९२ साल आहे. त्यावरून हिशोब केला, तर हॅरीचा मावसभाऊ डडली १९९४ च्या उन्हाळ्यात प्लेस्टेशन खिडकीतून फेकतो, जे जपानातसुद्धा त्या डिसेंबरात आलं. असू दे. याने कुणाचं काही बिघडत नाही.

काळात मागे नेणाऱ्या टाइम टर्नरबद्दल मात्र मला तुझं पटत नाही. ‘मग हॅरीच्या आईवडिलांना का नाही वाचवलं?’ असं तू विचारतेस. तिसरा भाग पुन्हा बघ. हॅरी आणि त्याची मैत्रीण हर्मायनी तीन तास मागे जातात, पण घडलेलं काहीच बदलत नाही. मृत्युदंड झालेला पंखवाला प्राणी बकबीक मुळात मेलेलाच नसतो, आपण फक्त कुऱ्हाडीचा आवाज ऐकलेला असतो. तळ्याकाठी हॅरी वडिलांची वाट बघत उभा राहतो, कुणीच येत नाही, आणि मग त्याला उमगतं की मघाशी वडिलांसारखा दिसलेला तो आपणच होतो. तो प्रसंग मी कितीदा वाचला असेन, दर वेळी घसा दाटून येतो.

आता तुझी सगळ्यात मोठी तक्रार. चौथ्या भागात, स्मशानात हॅरी आणि खलनायक वॉल्डेमॉर्ट यांच्या जादूच्या कांड्या जोडल्या जातात आणि वॉल्डेमॉर्टच्या कांडीतून त्याने मारलेली माणसं उलट्या क्रमाने बाहेर येतात. हॅरीचे वडील जेम्स आधी मेले, आई लिली नंतर, म्हणजे लिली आधी यायला हवी. २००० सालच्या पहिल्या छपाईत जेम्स आधी आला, पुढे लेखिका रोलिंगबाईंनी ते दुरुस्त केलं. माझ्याकडे दोन्ही प्रती आहेत. तुझी वही वाचल्यावर मी त्या शेजारी शेजारी उघडून बसले. जुन्या प्रतीत वडील सांगतात, आई येतेय, तिला तुला बघायचंय. नव्या प्रतीत आई सांगते, वडील येताहेत. बदललंय ते एवढंच. ज्याला आईबाप नीट आठवतही नाहीत असा चौदा वर्षांचा मुलगा थरथरणारी कांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा आहे आणि ते त्याला धीर देताहेत, हे दोन्हीकडे तसंच आहे. जुनी प्रत वाचताना मला क्रम चुकलाय हे कळलंही नव्हतं. माझं लक्ष त्याच्या हातांकडे होतं.

खरी दुखणारी चूक वेगळी असते. हॅरीला स्मशानात न्यायचंच होतं तर वर्षभर जादूगारांच्या स्पर्धेचा एवढा घाट कशाला, एखादी साधी पोर्टकी, म्हणजे हात लावताच दुसरीकडे नेणारी वस्तू, त्याच्या हातात का दिली नाही? हा प्रश्न मलाही छळतो, आणि त्यावर मला पटेल असं उत्तर सापडलेलं नाही. तरीही स्पर्धेच्या शेवटच्या चक्रव्यूहात हॅरी आणि त्याच्याच शाळेचा दुसरा स्पर्धक सेड्रिक ‘तू घे, तू घे’ करत शेवटी दोघं मिळून त्या चषकाला, म्हणजे स्मशानात नेणाऱ्या पोर्टकीलाच, हात लावतात, ते मी सोडणार नाही. त्यांच्या चांगुलपणानेच सेड्रिकचा जीव जातो. एवढं लिहून जाणाऱ्या बाईला मी त्या पोर्टकीची सूट देते.

वही फाडू नकोस. डाव्या पानावर चूक लिही आणि समोरच्या उजव्या पानावर तिथे पुस्तक मिटून का ठेवलं नाहीस ते लिही. तू स्वतः गोष्टी लिहितेस, तुला हे उजवं पानच जास्त उपयोगी पडेल.

रविवारी ये. जुनी प्रत तुझ्यासाठी काढून ठेवलीय, स्मशानाच्या प्रकरणात खूण घातलीय. या वेळी पेन्सिल घरी ठेवून ये.

तुझ्या,
बाई