कुत्रा आणा, पण पिल्लू नको. आणि एफडीला हात लावू नका

फोंडा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: वय ६७, यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा मस्कतला, मुलगी पुण्याला. घर स्वतःचं, अंगणासह. दरमहा २६,००० रुपये फॅमिली पेन्शन, सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये १० लाख, बँकेत ३ लाखांची एफडी. घरखर्च २४,०००. सोबतीला लॅब्राडोरचं पिल्लू आणायचं आहे. पिल्लाचे ३०,०००, उरलेल्या पैशांत मोडका गडगा (अंगणाभोवतीची कुंपणभिंत) चिऱ्यांनी नव्यानं बांधायचा आणि गेट बसवायचं, म्हणून एफडीतले २ लाख मोडावे का? मुलगा म्हणतो, या वयात नसती कटकट.

ताई, मुलाचं म्हणणं मला पटत नाही. रोज सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, त्याला खायला घालायचं आहे, फिरवून आणायचं आहे, यानं दिवसाला आकार येतो. एकट्या राहणाऱ्या माणसाची ही गरज खरी आहे आणि तिच्यावर पैसे खर्च करणं ही उधळपट्टी नव्हे. मात्र तुम्ही निवडलेला कुत्रा आणि पैसे काढायची जागा, या दोन्ही गोष्टी मला बदलाव्याशा वाटतात.

आधी तुमची शिल्लक पाहू. दहा लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २०,५०० येतात, म्हणजे महिन्याला ६,८३३. पेन्शन धरून ३२,८३३. घरखर्च वजा जाता हाती ८,८३३ उरतात. कुत्रा या रकमेत बसला पाहिजे. मुद्दलातून पोसायचा नाही.

लॅब्राडोर मोठा झाला की ३० किलोच्या आसपास जातो. रोज साडेतीनशे-चारशे ग्रॅम कोरडं खाणं, म्हणजे महिन्याला अकरा-बारा किलो. त्याचे ३,५०० धरा. लसी, जंताची औषधं, गोचिडांच्या गोळ्या आणि अधूनमधून डॉक्टर मिळून महिन्याला सरासरी १,४००. आंघोळ आणि किरकोळ ६००. तुम्ही वर्षातून दोनदा पुण्याला जाता, तेव्हा साधारण तीस दिवस त्याला बोर्डिंगमध्ये ठेवावं लागेल. दिवसाला ८०० धरले तर वर्षाचे २४,०००, म्हणजे महिन्याला २,०००. बेरीज ७,५००. लॅब्राडोर दहा ते बारा वर्षं जगतो. बारा वर्षांचे आजच्या भावानं १० लाख ८० हजार होतात, म्हणजे स्कीममधल्या तुमच्या मुद्दलापेक्षा जास्त. त्यापुढे ३०,००० ही किंमत किरकोळ आहे. दरमहा हाती उरतील १,३३३, आणि त्यातूनच तुमचं स्वतःचं औषधपाणी वाढत जाणार.

पैशांइतकाच विचार शरीराचा करा. आठ महिन्यांचा लॅब्राडोर पंचवीस किलोचा असतो आणि मांजर दिसलं की झेप घेतो. गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलं आहे. दोरी मनगटाला गुंडाळलेली, पावसात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ, आणि अशा वेळी एक हिसका. या वयात खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन आणि पुढचे कित्येक महिने अंथरूण. शिवाय या जातीत खुब्याचे सांधे आणि लठ्ठपणा ही नेहमीची दुखणी. तुम्ही ७८ वर्षांच्या व्हाल तेव्हा उठता न येणारा ३० किलोचा कुत्रा गाडीत कोण चढवणार? पहिल्या वर्षीही काम कमी नसतं. दीड-दोन महिन्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं लसींचे डोस, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, दिवसाला चार वेळा खाणं, रात्रीची उठबस.

म्हणून माझं मत: चार-पाच वर्षांचा, नसबंदी झालेला, पंधरा-अठरा किलोचा गावठी कुत्रा. स्वभाव ठरलेला असतो, फर्निचर कुरतडायचं वय उलटलेलं असतं, आपल्या दमट हवेत तो निभावतो. त्याचा हिशेब असा: खाणं २,३००, औषधं १,०००, किरकोळ ३००, बोर्डिंग १,५००. एकूण ५,१००. आठ वर्षं धरली तर ४ लाख ८९ हजार ६००, आणि दरमहा ३,७३३ तुमच्याकडे शिल्लक राहतात. घरचं शिजवून घालणार असाल तर भाताबरोबर बांगडा चालतो, पण काटे काढून, आणि मीठ-कांदा न घालता. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मासळीचे भाव चढतात. त्या दोन महिन्यांत अंडी आणि चिकनवर या.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलं आहे: बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, एक तपकिरी कुत्री येऊन झोपते, तिला तुम्ही दोन वेळा पेज घालता. मी सगळ्यात आधी तिचाच विचार करीन. तिच्या कानाला खाच आहे का बघा. असेल तर तिची नसबंदी झालेली आहे. दातांवरून डॉक्टर वय सांगतील. गोचीडतापासाठी रक्ततपासणी मात्र करून घ्याच. हिरड्या पांढुरक्या, खाणं सोडलेलं, नाकातून रक्त, अशी लक्षणं उशिरा दिसतात आणि तोवर प्लेटलेट खूप उतरलेल्या असतात. ती जमण्यासारखी नसेल तर शिवोलीची ‘वेल्फेअर फॉर ॲनिमल्स इन गोवा’ किंवा आसगावची ‘इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू’ इथे चौकशी करा. तिथे दोन प्रश्न आवर्जून विचारा: दोरीला ओढतो का, आणि पंधरा दिवस घरी नेऊन पाहता येईल का? पहिल्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, स्वतः दोरी धरून दहा मिनिटं चाला.

आता एफडी. तीन लाख म्हणजे तुमचा साडेबारा महिन्यांचा घरखर्च. दवाखान्यात डिपॉझिट भरायला, विम्यात न बसणाऱ्या खर्चाला हाच पैसा आहे. मुदतीआधी मोडली तर जितका काळ ठेवली त्या काळाच्या दरानं व्याज मिळतं आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा-एक टक्का कापतात. पण व्याज बुडतं यापेक्षा दोन लाख गेल्यावर हाताशी फक्त एक लाख उरतो, हे जास्त वाईट. सगळा गडगा बांधायची गरजच नाही. परसाकडची एक बाजू चार फूट जाळीनं बंद करा, गेटच्या खालची फट पट्टी मारून बुजवा, गडग्यातली भोकं सिमेंटनं भरा. भोकं साप येतात म्हणूनही भरायला हवीत. अंथरूण, भांडी, छातीचा पट्टा आणि दोरी धरून सगळं १८,००० ते २०,००० मध्ये होईल.

हे पैसे असे जमवा. येत्या जुलैपासून दर महिन्याला ५,१०० वेगळ्या बचत खात्यात जातील अशी बँकेत स्थायी सूचना द्या. पोस्टाची आरडी नको, ती पाच वर्षांची असते. ऑक्टोबरअखेर २०,४०० जमतील, तोच तुमचा सुरुवातीचा खर्च. शिवाय हे चार महिने ओढाताण न होता गेले तर कुत्रा परवडतो हे कागदावर नाही, खात्यात सिद्ध झालं. एखाद्या महिन्यात त्यातून पैसे काढावे लागले, तर आणखी थांबा. कुत्रा दिवाळीनंतरच घरी आणा. पावसात गोचीड आणि लेप्टोचा जोर असतो, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर पाहुण्यांनी भरतं, दिवाळीच्या आदल्या दिवशी नरकासुराच्या रात्री फटाके आणि कर्णे. नवीन जनावर अशा वेळी बिथरून गेटबाहेर पळतं.

त्यानंतर उरणाऱ्या ३,७३३ मधले १,५०० कुत्र्याच्या आजारपणासाठी बाजूला टाका, ४०,००० होईपर्यंत. पाळीव प्राण्यांचा विमा मिळतो, पण प्रवेशाची वयोमर्यादा आणि आधीपासूनचे आजार वगळण्याची अट वाचून पाहा. वय वाढलेल्या गावठी कुत्र्यासाठी मला हा स्वतःचा साठा जास्त भरवशाचा वाटतो. वार्षिक रेबीज लस आणि दर तीन महिन्यांनी जंताचं औषध कधी चुकवू नका. लसीसाठी आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. मिशन रेबीजची पथकंही गोव्यात मोफत लस देतात.

तुमच्या मागे त्याचं कोण, हे आताच ठरवा. कायद्यानं कुत्र्याच्या नावे काही ठेवता येत नाही, पैसे माणसालाच द्यावे लागतात. आणि गोव्याच्या वारसा कायद्यात तुमच्या वाट्याच्या मालमत्तेपैकी अर्धी मुलांसाठी राखीव असते, मृत्युपत्रानं वाटता येते ती उरलेली अर्धी. शेजारीण किंवा पुतण्या तयार असेल तर त्या अर्ध्यातून त्याच्या नावे एक लाख ठेवायचे आणि मृत्युपत्र सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात विशेष नोटरीसमोर करायचं. मुलांना आधी सांगा, नंतर कळलं तर कटुता येते.

पण मृत्युपत्र मेल्यानंतर चालतं. खरी अडचण येते ती तुम्ही जिवंत असून दवाखान्यात असता तेव्हा. त्यासाठी त्याच व्यक्तीबरोबर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्यानं पैसे काढता येतील असं, छोटं खातं काढा, त्यात १५,००० ठेवा. घराची एक किल्ली, लसीकरणाची वही आणि डॉक्टरांचा नंबर त्यांच्याकडे राहू द्या.

एक तारीख लक्षात ठेवा. स्कीमची पाच वर्षं संपून तुम्ही ती तीन वर्षांनी वाढवाल, तेव्हा व्याज त्या वेळच्या दरानं मिळेल. दर ७ टक्क्यांवर आला तर महिन्याला हजार रुपये कमी होतील. ५,१०० च्या कुत्र्यात ते सोसवतं, ७,५०० च्या कुत्र्यात नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन या वर्षात करायचं ठरत असेल तर ते आधी उरका आणि डॉक्टरांनी बिनकाठीनं चालायला सांगितल्यावरच कुत्रा आणा. दोरी दोन्ही हातांत धरा, मनगटाला गुंडाळू नका. रात्री ओसरीत लहान दिवा चालू ठेवा, अंधारात झोपलेल्या कुत्र्यावर पाय पडूनही माणूस आपटतो. आणि मुलाला हा हिशेब पाठवा. त्याची काळजी खरी असणार, तेव्हा आजारपणाच्या साठ्यातले पहिले २०,००० त्यानं भरावेत असं त्याला सरळ सांगा.