मंचावर एकेक जण येतो, तो भाग रेकॉर्डवर का नाही?

प्रश्न : भाच्याने पुण्याहून ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकन बँडच्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ या मैफलीची जुनी रेकॉर्ड आणून दिली आणि ती मला फार आवडली. पुढे मोबाइलवर हाच अल्बम लावला, तेव्हा गाण्यांची संख्या, क्रम आणि लांबी असे सगळेच निराळे निघाले. यांतील खरी मैफल कोणती? आणि या संगीताला ‘न्यू वेव्ह’ का म्हणतात? (एक वाचक, परभणी)

उत्तर : दोन्ही ध्वनिमुद्रणे एकाच मैफलीची आहेत, मात्र आपल्या हातातील रेकॉर्डवर त्या मैफलीचा अर्धाच भाग आहे, आणि जो गळला तोच तिचा प्राण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही मैफल डिसेंबर 1983 मध्ये हॉलिवूडच्या पॅन्टेजेस थिएटरमध्ये लागोपाठच्या काही प्रयोगांत ध्वनिमुद्रित आणि चित्रित झाली. जोनाथन डेमी यांनी केलेला तिचा चित्रपट आणि तिचा अल्बम हे दोन्ही 1984 मध्ये आले. सुरुवातीला मंच जवळजवळ रिकामा असतो. गायक डेव्हिड बर्न हातात गिटार घेऊन एकटेच येतात, टेपरेकॉर्डर खाली ठेवतात आणि त्याच्या तालावर पहिले गाणे म्हणतात. (तो ताल टेपमधून येतो असे भासते, प्रत्यक्षात तो तालयंत्राचा असून ध्वनिमिश्रण करणाऱ्याच्या टेबलावरून सोडलेला आहे.) दुसऱ्या गाण्याला टिना वेमथ बेस गिटार घेऊन येतात, तिसऱ्याला क्रिस फ्रान्झ ड्रम्सवर बसतात आणि चौथ्याला जेरी हॅरिसन येऊन मिळतात. त्यानंतर साथीच्या गायिका, तालवादक, कीबोर्डवादक आणि आणखी एक गिटारवादक असे करत करत नऊ जणांचा ताफा उभा राहतो.

आता आपली रेकॉर्ड पुन्हा लावून पाहा. पहिले गाणे संपते आणि दुसऱ्याच गाण्याला संपूर्ण ताफा वाजू लागतो, कारण वेमथ, फ्रान्झ आणि हॅरिसन ज्या तीन गाण्यांत एकेक करून येतात, ती तिन्ही तिथे नाहीत. जे गाणे मैफलीच्या पूर्वार्धाला टोकाला नेते, ते रेकॉर्डवर शेवटून दुसरे आहे. आपल्याकडच्या सप्ताहातील कीर्तनाशी ताडून पाहिले, तर हे चटकन लक्षात येईल. वीणेकरी उभा राहतो, पखवाज लागतो, टाळकरी चाल उचलतात आणि मग कीर्तनकार अभंगाला हात घालतात. ही चढण काढून टाकून थेट ऐन रंगातला गजर ऐकवला, तर सूर तेच राहतील, पण श्रोता तिथवर पोहोचलेलाच नसेल.

हे असे का झाले, याचे एक मोठे कारण माध्यमात आहे. लाँग प्ले रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचेच संगीत नीट बसते. त्याहून अधिक भरले, तर खाचा उथळ कराव्या लागतात आणि आवाज क्षीण होतो. म्हणून नऊच गाणी घेतली गेली आणि त्यांतील काहींना कात्री लागली. त्याच काळातल्या कॅसेटवर यांपैकी काही गाणी अधिक लांब होती. ज्यांनी साठ मिनिटांच्या कॅसेटवर कीर्तन भरून घेतले आहे, त्यांना ऐन दृष्टांताच्या मध्यावर बाजू उलटताना निसटलेली वाक्ये आजही आठवत असतील. माझ्याकडच्या एका कॅसेटवर दृष्टांतातला राजा वनात जातो आणि परत येतच नाही.

1999 मध्ये हा अल्बम चित्रपटाच्या क्रमाने, 16 गाण्यांसह निघाला. 2023 च्या आवृत्तीत चित्रपटातून वगळलेला भागही आला आणि संख्या 18 झाली. आपण 1999 ची आवृत्ती पहिल्या गाण्यापासून क्रम न मोडता ऐकावी, असा माझा आग्रह आहे.

‘न्यू वेव्ह’विषयी थोडक्यात सांगतो. 1970 च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबमध्ये जे बँड वाजवत, त्यांत टॉकिंग हेड्स हा एक होता. पंक या त्या काळच्या रोखठोक रॉक संगीताची आटोपशीर, पाल्हाळ टाळणारी मांडणी राखून ज्यांनी फंक (ठेक्यावर भर देणारे अमेरिकी कृष्णवर्णीयांचे संगीत), नृत्यसंगीत, सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक स्वरवाद्य) असे बरेच काही आत घेतले, त्यांना हे नाव चिकटले. 1980 च्या ‘रिमेन इन लाइट’ या अल्बममध्ये टॉकिंग हेड्सने नायजेरियाच्या फेला कुटी यांच्या संगीतापासून प्रेरणा घेऊन एकात एक गुंफलेले ताल रचले. ते बर्न, वेमथ, फ्रान्झ आणि हॅरिसन या बँडच्या चौघांना मंचावर पेलणारे नव्हते, म्हणून साथीदार वाढले. हा बदल कानांनी पडताळायचा असेल, तर त्यांचा 1982 चा मैफलींचा जोडअल्बम मिळवावा. त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर चौघेच आहेत, तर दुसरीवर वाढलेला ताफा आहे.

प्रश्न : इंग्रजी शब्द कळत नसतील, तर असे अल्बम ऐकावेत का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : अवश्य ऐकावेत. वर सांगितलेल्या मैफलीत दुसऱ्या गाण्यापासून केवळ बेस गिटारवर लक्ष ठेवा. ती आली की एकट्या गिटारच्या खाली जमीन तयार होते आणि पुढच्या गाण्यात ड्रम्स त्याच जमिनीवर पाय रोवतात. हे ऐकू येण्यासाठी बेसचा खर्ज लागतो, आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तो जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणून साधे का होईना, हेडफोन लावून ऐका.