पिकअपचे पुढचे शॉकअप घेण्याआधी टेप घेऊन गाडीखाली जा

दादा, पिकअपला पुढचा शॉकअप (गाडीचे हेलकावे थांबवणारी तेलाची नळी) कुठला घेऊ, ही तुमची पोस्ट वाचली आणि दोन वर्षांपूर्वीचा माझा अख्खा पावसाळा आठवला. तुमची 2010ची पिकअप, पुढे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग), रिकामी असली की खड्ड्यावरून गेल्यावर तीन-चार हेलकावे खाते, डाव्या टायरवर हात फिरवला की लाटा लागतात, आणि मिस्त्री म्हणतोय, "शॉकअप आणून द्या, तासात बसवतो." माझी 2009ची. लक्षणं तीच आणि मिस्त्रीचं वाक्यही तेच.

मी मिस्त्री नाही, हे आधीच सांगतो. नारायणगावच्या बाजूला टोमॅटो करतो आणि माल घेऊन स्वतः आळेफाट्यावरून माळशेज उतरून कल्याणला जातो. गाडी माझ्या हातात 11 वर्षं आहे. जे सांगतोय ते पुढे पाटे असलेल्या गाडीचं. टॉर्शन बारवाल्या (पाट्यांऐवजी पिळला जाणारा लोखंडी दांडा असलेल्या) गाडीचं काम वेगळं असतं. ज्या गाडीत शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली असते, तिला तर घरी हातसुद्धा लावू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो.

जॅक कुठे लावायचा, खाली घोड्या (लोखंडी टेकू) ठेवायच्या, चाकांना दगड लावायचे, हे तुम्हाला येत असणार. दोन्ही बाजूचे एकदमच बदलायचे हेही माहीत असेल. मी थेट माझी चूक सांगतो, कारण पोस्टमध्ये तुम्ही विचारलंय, "कुठला घेऊ?" मी तिथेच फसलो.

तालुक्यातल्या एका दुकानात गेलो, नाव घेत नाही. गाडीचं नाव आणि साल सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने जोडी समोर ठेवली. "हाच बसतो, सगळे हाच नेतात, हेवी ड्यूटी आहे." मी जुना शॉकअप सोबत नेला नव्हता. जोडी घेतली, मिस्त्रीने बसवली, बोल्ट भोकात गेले. भोकं जुळली म्हणजे माल बरोबर, असं मीही धरलं आणि त्यानेही.

रिकामी गाडी छान चालली. मग 20 किलोची 55 कॅरेट भरून माळशेज उतरलो आणि प्रत्येक मोठ्या खड्ड्यात पुढून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा "ठक्" आवाज यायला लागला. मिस्त्री म्हणाला बुश (बोल्टभोवतीची रबरं) गेलेत, बुश बदलले. आठ दिवसांनी म्हणाला शॅकल (पाट्याचं टोक धरणारी कडी) ढिली आहे, तीही केली. आवाज तसाच. शेवटी एका दुसऱ्या मिस्त्रीने उजव्या शॉकअपचं वरचं टोक धरणारा ब्रॅकेट, चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जो असतो तो, डिझेलच्या फडक्याने पुसला. चिखल निघाला आणि खाली केसाएवढी बारीक रेघ दिसली. बोट फिरवलं तर नखाला अडकत होती. ब्रॅकेट तडकला होता, शॉकअपचा दांडाही किंचित वाकला होता. ऐन सीझनमध्ये गाडी चार दिवस उभी, खर्च 11 हजार, आणि भाड्याच्या गाडीने माल पाठवला ते वेगळंच.

झालं काय होतं, तर शॉकअप लांब होता. उघडी लांबी (पूर्ण ताणल्यावरची) जवळजवळ सारखी, पण बंद लांबी (पूर्ण दाबल्यावरची) जास्त. गाडी खाली दबली की आधी एक्सल वरच्या रबरी बफरला टेकला पाहिजे, तो धक्का बफरने खायचा असतो. माझा शॉकअप त्याच्या आधीच पूर्ण बंद होत होता. म्हणजे मालासकट पुढचा सगळा मार शॉकअपच्या तळावर आणि वरच्या ब्रॅकेटवर.

म्हणून टेप घ्या आणि हे मोजा. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत किती, ते घ्या. माझ्या गाडीत 38 सेंटिमीटर आलं. मग एक्सल आणि बफर यांच्यातली फट मोजा, माझी 6 होती. 38 मधून 6 गेले, 32 राहिले. रबर स्वतःही दबतं, त्यासाठी अजून दोन-तीन सेंटिमीटर सोडा. म्हणजे शॉकअपची बंद लांबी 29च्या आसपास हवी. मला दिलेला पूर्ण दाबून मोजला तर 33 भरला. जुना अडगळीत पडला होता, तो 29. शॉकअप तिरका बसतो, त्यामुळे हिशेब अगदी मिलिमीटरला जुळत नाही, पण 4 सेंटिमीटरचा घोळ यात लपत नाही. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमचे तुम्हीच घ्या. नुसत्या जुन्या शॉकअपवरही विसंबू नका, आधीच्या मालकाने चुकीचा टाकलेला असू शकतो. आणि उलट बाजूही बघा: चाक हवेत लोंबतं सोडल्यावर शॉकअप पूर्ण ताणलेला नको, थोडी चाल शिल्लक हवी. नाहीतर प्रत्येक गतिरोधकानंतर तो ओढला जातो.

आता त्या दुकानाबद्दल. मी दोन्ही शॉकअप घेऊन परत गेलो, मोजून दाखवलं. "बसवलेला माल परत होत नाही." अरे, पण बसवल्याशिवाय कळणार कसं? बिल मागितलं होतं तेव्हा कच्च्या चिठ्ठीवर फक्त "शॉकअप 2 नग" लिहून दिलं होतं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, लावलाही, पण माझ्याकडे दाखवायला कागदच नव्हता. चार चकरा मारल्या, शेवटी नाद सोडला. याचा राग अजून आहे, कारण ब्रॅकेट घाटात तुटला असता तर काय झालं असतं हा विचार रात्री येतो. तुम्ही चेसिस नंबर सांगूनच माल मागा. पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या, आणि काउंटरवरच शॉकअप दाबून मोजा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

बसवताना दोन-तीन गोष्टी. साधा शॉकअप उभा धरून हाताने चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करा, दुकानात तो आडवा पडलेला असतो. गॅसचा असेल तर त्याला दाबून धरणारी पट्टी जागेवर धरेपर्यंत कापू नका. दांड्याला पकड लावायची नाही, एक चरा पडला की सील गेलं. आणि बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवल्यावर. हवेत लोंबतानाच गच्च आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि बुश लवकर फाटतात. माझे पहिले बुश असेच गेले असावेत. जुना नट गंजला असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. गॅसकटरची ज्योत शॉकअपच्या नळीजवळ नेऊ देऊ नका, आत तेल बंद असतं, नळी फुटू शकते.

टायरच्या लाटा शॉकअपमुळेच असतील असं मात्र फोटोवरून सांगणार नाही. चाक उचलून वर-खाली हलवून बघा. बेअरिंग किंवा किंगपिनला (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) खेळ असेल तर आधी तो काढा, नाहीतर नवे शॉकअप टाकून टायर तसेच खात राहतील. आणि नळीवर नुसता धुळीचा ओलसर थर आहे का तेलाचे ओघळ खालपर्यंत आलेत, तेही नीट बघा. नुसत्या ओलीवर मी शॉकअप बदलणार नाही.

पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) पुढच्या महिन्यात आहे म्हणताय. 8 वर्षांपुढच्या गाडीला ते दरवर्षी आहेच, पण त्या तारखेच्या घाईत मिळेल तो माल टाकू नका, मी तेच केलं होतं. तिन्ही मापं इथे लिहा: बोल्ट ते बोल्ट, बफरची फट, आणि जुन्याची बंद लांबी. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो, हिशेब करून सांगतो.