समुद्रात हरवलेल्या, कबर नसलेल्या विमानसैनिकाची आठवण कशी जपावी?

तुम्ही विचारलंय, की सूनबाईंच्या आजोबांचा थोरला भाऊ ब्रिटिश बॉम्बर विमानात होता, १९४३ मध्ये उत्तर समुद्रावरून विमान परतलंच नाही, कबर नाही, तर त्याच्यासाठी आता काय करता येईल.

आधी तिला घेऊन रनिमीडला जा. लंडनच्या पश्चिमेला, थेम्सकाठच्या टेकडीवर हे स्मारक आहे. कबर नसलेल्या वीस हजारांहून जास्त विमानसैनिकांची नावं तिथे कोरलेली आहेत. निघण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर नाव शोधून पॅनल क्रमांक लिहून घ्या, नाहीतर तिथे फार फिरावं लागतं.

मी गेले होते शेजारच्या आजींबरोबर. त्यांचा भाऊ लँकॅस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानाच्या शेपटाकडचा तोफची, वय वीस. विमान गेलं तेव्हा आजी आठ वर्षांच्या. घरी तार आली ती 'बेपत्ता' एवढीच, आणि आई कित्येक महिने रात्री दाराला कडी लावू देत नसे. पुढे त्याचं सामान आलं: दाढीचं सामान, माउथ ऑर्गन, एक अर्धवट पत्र.

रनिमीडला नावं अरुंद खिडक्यांच्या दोन्ही बाजूंच्या दगडावर आहेत, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखी. आजींनी चष्मा काढला आणि नावाच्या पहिल्या अक्षराच्या खाचेत बोट ठेवलं. बराच वेळ ते तिथून हललं नाही. मी बाजूला झाले. वरच्या मोठ्या खिडकीच्या काचेवर बायबलमधलं एक स्तोत्र कोरलंय: पहाटेचे पंख लावून समुद्राच्या पार टोकाला जाऊन राहिलो, तरी तिथेही तुझा हात मला नेईल. ते वाचताना मात्र मला रडू आवरलं नाही.

आणखी एक. लँकॅस्टरमध्ये सात जण असत. विमान समुद्रात पडलं, की एखाद्याचा देह लाटांबरोबर डेन्मार्कच्या किंवा हॉलंडच्या किनाऱ्याला लागे आणि तिथलेच लोक त्याला मूठमाती देत. म्हणून त्याच्या विमानातल्या बाकीच्यांचीही नावं शोधा. त्यांच्यातल्या कुणाची कबर सापडली, तर विमान साधारण कुठे पडलं असेल याचा अंदाज येतो. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रत्येक स्क्वॉड्रनच्या, म्हणजे विमानांच्या तुकडीच्या, रोजच्या नोंदवह्या आहेत. त्यात उड्डाणाची वेळ आणि सगळ्या क्रूची नावं मिळतात.

आपल्याकडे तिथी माहीत नसली, तर सर्वपित्रीला पान वाढतात. इथे निदान उड्डाणाची रात्र तरी माहीत असते. आजी त्या रात्री खिडकीत दिवा ठेवत.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विमानांच्या विभागाच्या, सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ जण मेले, बहुतेक विशीतले. लिंकन इथल्या बॉम्बर कमांड केंद्रात या सगळ्यांची नोंद आहे आणि नातेवाइकांनी पाठवलेले फोटो ते त्या नोंदीला जोडतात. सूनबाईंच्या घरी त्याचा फोटो असेलच, एखाद्या जुन्या अल्बममध्ये. तो याच आठवड्यात शोधायला सांगा. आजोबा हयात असतील, तर फोटोच्या मागे कुणाकुणाची नावं आहेत, हेही त्यांनाच विचारून लिहून घ्या.