प्रश्न वाचकांचे : प्रथिनांची पकड आणि कर्करोगाचे औषध

प्रश्न : प्रथिने एकमेकांशी कशी जोडली जातात याचा अभ्यास शास्त्रज्ञ अनेक वर्षे करीत आहेत. त्यातून रुग्णाच्या हाती प्रत्यक्ष काही पडते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नक्कीच पडते, आणि व्हेनेटोक्लॅक्स हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध मला त्याचे सर्वांत बोलके उदाहरण वाटते. बिघडलेल्या पेशीने वेळेवर मरावे, अशी सोय शरीरातच असते. बॅक्स आणि बॅक ही प्रथिने मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांच्या, आवरणाला छिद्रे पाडतात आणि पेशीचा शेवट होतो. बीसीएल-२ हे प्रथिन मात्र मृत्यूचा संदेश देणाऱ्या प्रथिनांना आपल्या अंगावरील एका खाचेत धरून ठेवते. या प्रथिनामुळे पेशी मरणापासून वाचतात, हे मेलबर्नच्या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवले. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगातील पेशी याच पकडीच्या आधारावर तग धरून राहतात.

ही पकड सोडवणे सोपे नव्हते, कारण दोन प्रथिने जिथे भिडतात तो भाग बहुधा रुंद आणि सपाट असतो व औषधाच्या छोट्या रेणूला तिथे थारा मिळत नाही. बीसीएल-२ च्या कुळातील प्रथिनांची रचना उलगडल्यावर मात्र तिथे रेणू बसवता येईल अशी खोल खाच दिसली. नॅव्हिटोक्लॅक्स हे आधीचे औषध त्या खाचेत बसले, पण ते बीसीएल-एक्सएल या भावंड प्रथिनालाही अडवत असे. बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, त्याच प्रथिनावर जगतात, त्यामुळे त्यांची संख्या घटू लागली. दोन्ही खाचांमधील बारीक फरक हेरून रेणू पुन्हा घडवला गेला आणि २०१६ मध्ये अमेरिकेत व्हेनेटोक्लॅक्सला मान्यता मिळाली. ती प्रथम १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या रुग्णांसाठी होती. त्या तुकड्याबरोबर पी-५३ हे, बिघडलेल्या पेशीला मरणाचा इशारा देणारे, प्रथिनही जात असल्याने नेहमीची केमोथेरपी त्यांना फारशी लागू पडत नाही. व्हेनेटोक्लॅक्सचे काम मात्र पी-५३ च्या पुढच्या टप्प्यावर चालते.

या औषधाने पेशी इतक्या झपाट्याने मरू शकतात की त्यांतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांचा भार मूत्रपिंडांना झेपत नाही, म्हणून या ल्युकेमियात मात्रा २० मिलिग्रॅमपासून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत चढवतात. काही रुग्णांत पुढे बीसीएल-२ च्या १०१ व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या साखळीतील दुव्याऐवजी) व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते, खाचेचा आकार किंचित बदलतो आणि औषध नीट बसेनासे होते. त्यामुळे त्या बदललेल्या खाचेतही बसतील असे रेणू शोधण्याचे काम सुरू आहे.