‘रेफॉर्मक्लाइड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: चित्रकार क्लिम्टच्या काळातल्या व्हिएन्नाविषयी वाचताना ‘रेफॉर्मक्लाइड’ हा बायकांच्या पोशाखाचा जर्मन शब्द भेटतो. त्याला ‘सुधारित पोशाख’ म्हणावं का?

मला ते पटत नाही. ‘सुधारित’ म्हटलं की आवृत्ती, बियाणं, वेतनश्रेणी आठवते. जुनंच, थोडं नीट केलेलं. इथे कॉर्सेट, म्हणजे कमर आवळणारी घट्ट चोळी, मुळातूनच नको होतं. देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या नाहीतर पोलादी काड्या घालून शिवायचं, नाडीने करकचून आवळायचं, आणि वर एकावर एक घागऱ्यांचं ओझं कमरेला. बायकांचा पोशाख सुधारण्यासाठी लंडनला १८८१मध्ये स्थापन झालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीने आतल्या कपड्यांना सात पौंडांची मर्यादा सांगितली, म्हणजे तीन किलोंहून जास्तच. ही कमी केलेली मर्यादा, हे लक्षात घ्या.

नव्या पोशाखाने भार कमरेवरून खांद्यावर नेला. खांद्यावरून सरळ खाली सोडलेल्या कपड्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: झगा. म्हणून मी ‘सुधारकी झगा’ म्हणेन. ‘सुधारकी’ला टोमण्याचा वास आहे खरा, पण तिकडेही लोक त्याला ‘रेफॉर्मझाक’, म्हणजे सुधारणेचं पोतं, म्हणून हिणवत. शिवाय आगरकर ‘सुधारका’त बायकांनी जाकीट घातलंच पाहिजे म्हणून भांडले, ती आठवणही या शब्दात आहे. तिकडे सुधारणा म्हणजे एक कपडा उतरवणं, इकडे एक चढवणं.

‘झगा’ घेतला की कापडाची गोष्टही उलगडते. कमरेशी शिवण नसली की खांद्यापासून घोट्यापर्यंत कापड सलग राहतं, नक्षीला ऐसपैस जागा मिळते. क्लिम्टची मैत्रीण एमिली फ्लोगेने १९०४मध्ये बहिणींसोबत व्हिएन्नात पोशाखांचं दालन उघडलं. स्लाव्ह खेड्यांतलं भरतकाम ती जमवायची, वापरायची. १९०६मध्ये क्लिम्टने अट्टरझे तळ्याकाठी काढलेले तिचे फोटो बघा: ढगळ बाह्या, कमर कुठे ते कळतच नाही.

पोशाखसुधारणेच्या याच चळवळीतला दुसरा शब्द मला जास्त प्रिय आहे: ‘आयगनक्लाइड’. जर्मन पोशाखकार अ‍ॅना मुथेसिउसने १९०३मध्ये तो मांडला. पॅरिसच्या फॅशनकडे न बघता बाईने आपला पोशाख आपणच ठरवावा, असं तिचं म्हणणं. ‘आयगन’ म्हणजे स्वतःचं. अर्थाने ‘निजवेश’ चपखल, पण आज तो वाचून सगळ्यांना नाइटगाऊनच आठवेल. मी ‘स्ववेश’ लिहीन.